आधी तपासणी, मग गावची वाट



दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. तिथे कुणाचा हात यंत्रात सापडतो, कुणी परांचीवरून पडतो. मालक पट्टी बांधून देतो, हातावर थोडे पैसे ठेवतो आणि म्हणतो, “गावी जा, आराम कर.” आपला माणूसही मिळेल ती एसटी पकडतो. नुकसान इथेच होते.

कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क 1923 च्या कायद्याने दिला. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आहे. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने मोफत डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर मजुराने ती करून घ्यावीच लागते. नकार दिला, किंवा तपासणीआधीच कामाची जागा सोडून गेला, तर परत येऊन तपासणीला तयार होईपर्यंत हक्क थांबून राहतो.

म्हणून आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. जखम धुऊन घ्यावी, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरज असेल तर एक्स-रे करून घ्यावा. इजा कुठे, केव्हा, कोणते काम करताना झाली हे खरे सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. मुकादम “घरी पडलो म्हणून सांग” म्हणाला तरी तसे सांगू नये.

उपचारानंतर कमाईची ताकद किती घटली हे ठरते. कायद्याच्या यादीत अंगठा गेल्यास 30 टक्के, एक डोळा गेल्यास 40 टक्के धरले आहेत. यादीत नसलेली कायमची इजा डॉक्टर तपासून ठरवतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा असतो, म्हणून प्रत्येक बिल जपावे. मजूर मुकादमाने आणलेला असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. दावा दोन वर्षांच्या आत करावा. तो आपल्या राहत्या भागातूनही करता येतो.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जखमी माणसाला उतारशाळेत नेऊन पुढच्या खर्चाचीही सोय केली. आपल्या मंडळीतून कामाला निघणाऱ्या प्रत्येकाला पाळकांचा फोन नंबर लिहून द्या. फोन आला तर दवाखान्यात सोबत जाईल असा, लिहिता-वाचता येणारा एक तरुण आधीच नेमून ठेवा. आणि या हंगामात घरापासून दूर राबणाऱ्या कुटुंबांची प्रार्थनेत आठवण ठेवा.