अकरा रात्रींचा हिशेब

दुचाकी डावीकडे वळवायची असेल तर हँडल कोणत्या बाजूला वळवावे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण त्याच्याकडे आश्चर्याने पाहू. परंतु मोटारसायकलींच्या शर्यतींचा एक प्रकार असा आहे की, त्यात डावीकडच्या वळणावर स्वार पुढचे चाक उजवीकडे धरतो. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून जाताना मागचे चाक एकाएकी बाजूला सरकल्याचा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. त्या क्षणी आपण घाबरून वेग कमी करतो. या शर्यतीतला स्वार मात्र तेच घसरणे मुद्दाम घडवून आणतो आणि वेग न सोडता, घसरतच वळण पार करतो. या खेळाला स्पीडवे म्हणतात.

आपल्या देशात हा खेळ फारसा परिचित नाही. पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र त्याचे जुने आणि निष्ठावंत प्रेक्षक आहेत. पोलंडमध्ये तर लहान शहरांतही त्याच्या संघांसाठी क्रीडांगणे भरून जातात. या खेळाच्या 2016 सालच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची हकीगत येथे सांगावयाची आहे. पण ती समजण्यासाठी आधी वाहनाचा आणि नियमांचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे.

स्पीडवेच्या मोटारसायकलीला ब्रेक नसतात. चार वाहने एकमेकांना खेटून धावत असताना एखाद्याने अचानक ब्रेक लावला, तर मागचा त्याच्यावर आदळणार. म्हणून ब्रेक नसणे हीच येथे सुरक्षिततेची सोय मानली जाते. इंजिन 500 सीसी क्षमतेचे, एकाच सिलिंडरचे असते आणि ते पेट्रोलवर नव्हे, तर मिथेनॉल या इंधनावर चालते. गिअर एकच, शर्यत चालू असताना तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही. स्वाराच्या डाव्या बुटाखाली पोलादाचा तळ बसवलेला असतो. वळणावर तो पाय जमिनीला टेकवून, जणू त्याच्या आधारावर वाहन तोलत, स्वार पुढे जातो. मनगटाला बांधलेली एक दोरी इंजिनाशी जोडलेली असते. स्वार पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते.

धावपट्टी लंबवर्तुळाकार आणि मातीची असते. एका शर्यतीत चार स्वार, चार वेढे आणि सुमारे एक मिनिट, एवढाच सारा मामला असतो. सुरुवातीला स्वारांसमोर फिती ताणलेल्या असतात. त्या वर उचलल्या गेल्या की शर्यत सुरू होते. उतावळेपणाने फितीला धक्का लावणाऱ्यास बाद केले जाते. पहिला स्वार 3 गुण मिळवतो, दुसरा 2, तिसरा 1. चौथ्याच्या वाट्याला शून्य येते.

ज्या स्पर्धेविषयी आपण वाचत आहोत तिच्या एका फेरीत, म्हणजे एका रात्रीच्या कार्यक्रमात, सोळा स्वार उतरत. प्रत्येकाला पाच शर्यती मिळत आणि दर शर्यतीत तीन प्रतिस्पर्धी. पाच त्रिक पंधरा. म्हणजे वीस शर्यतींच्या अखेरीस प्रत्येक स्वाराची उरलेल्या पंधराही जणांशी बरोबर एकदा गाठ पडलेली असते. कागद-पेन्सिल घेऊन असे वेळापत्रक स्वतः मांडून पाहिले, तर त्यामागचे गणित किती नेटके आहे हे लक्षात येईल. त्यानंतर पहिल्या आठ जणांच्या दोन उपांत्य शर्यती होत आणि त्यांतून निवडलेले चार जण अंतिम शर्यतीत उतरत. उपांत्य व अंतिम शर्यतीतील गुणही एकूण बेरजेत धरले जात. त्यामुळे फेरी जिंकणारा स्वारच त्या रात्री सर्वांत जास्त गुण मिळवील, असे नव्हते.

जगज्जेता ठरतो तो मात्र सर्व फेऱ्यांच्या एकत्रित गुणांवरून. पूर्वी असे नव्हते. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1936 मध्ये झाली आणि तेव्हापासून 1994 पर्यंत निर्णय एका अंतिम रात्रीवर सोपवलेला असे. तरीही पहिल्याच वर्षी हिशेबाने आपला प्रताप दाखवला होता. लंडनच्या वेम्बली मैदानावर त्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने आपल्या पाचही शर्यती जिंकल्या. त्याला कोणीही हरवू शकले नाही. परंतु आधीच्या टप्प्यांतील कामगिरीचे अधिक गुण अंतिम बेरजेत मिळवले जाणार होते. त्यामुळे 15 गुणांचा धनी विल्किन्सन एकूण 25 वर थांबला. त्याचाच देशबांधव लायनेल व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँगटन हे दोघे 26 वर पोहोचले. त्या दोघांत जादा शर्यत झाली आणि व्हॅन प्राग पहिला जगज्जेता ठरला. एकही शर्यत न हरलेला माणूस तिसरा आला! विल्किन्सनला विजेतेपदासाठी 1938 सालापर्यंत थांबावे लागले.

एका रात्रीच्या पद्धतीत वेगळाच अन्याय होता. वर्षभर उत्तम धावणाऱ्याचे इंजिन त्याच रात्री बिघडले, तर सारे वर्ष वाया जाई. म्हणून 1995 पासून अनेक देशांत फेऱ्या घेऊन गुणांची बेरीज करण्याची पद्धत आली. या मालिकेला ग्रां प्री असे नाव मिळाले. नशिबाचा वाटा कमी व्हावा, हा तिचा हेतू होता. तो कितपत साधला, हे 2016 च्या हंगामावरून वाचकांनीच पाहावे.

त्या वर्षी अकरा फेऱ्या होत्या. एप्रिलच्या अखेरीस स्लोव्हेनियातील क्रश्को गावी आरंभ झाला. ती फेरी डेन्मार्कच्या पीटर किल्डेमांडने जिंकली. दुसरी फेरी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे होती. तेथील राष्ट्रीय मैदान मुळात फुटबॉलचे. त्यावर तात्पुरती माती अंथरून धावपट्टी तयार करावी लागते. आदल्या वर्षी, 2015 मध्ये, याच मैदानावर मोठी फजिती झाली होती. पोलंडचा लाडका स्वार टोमाश गोलोब याचा निरोप म्हणून हजारो लोक जमले. पण धावपट्टी उखडली, सुरुवातीच्या फितीही नीट चालेनात आणि बारा शर्यतींनंतर कार्यक्रम थांबवावा लागला. 2016 मध्ये मात्र फेरी सुरळीत पार पडली. ब्रिटनच्या टाय वॉफिन्डेनने ती जिंकली. तो 2013 आणि 2015 चा जगज्जेता असल्यामुळे हे वर्षही त्याचेच, असे अनेकांना वाटले.

पुढे मात्र दोन वेगळीच नावे वर सरकू लागली. एक होते अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकचे. त्याचा जन्म 1970 चा, म्हणजे त्या वर्षी तो शेहेचाळीस वर्षांचा झाला. 1995 मध्ये ग्रां प्री सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक हंगामात तो धावत आला होता. 1997, 2011 आणि 2014 अशी तीन विजेतेपदे त्याच्या नावावर होती. पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदात चौदा वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. अनेक खेळाडूंची संपूर्ण कारकीर्द तेवढ्या काळात संपते.

दुसरे नाव जेसन डॉयल याचे. तो ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील न्यूकॅसल शहराचा. तेथून जवळच असलेल्या मेटलंड या गावी 1923 मध्ये मातीच्या धावपट्टीवर ज्या शर्यती झाल्या, त्यांतून या खेळाचा उगम झाला असे अनेक जण मानतात. डॉयलचे यश मात्र उशिरा आले. इंग्लंडमधील खालच्या दर्जाच्या संघांतून त्याने अनेक वर्षे काढली आणि ग्रां प्रीमध्ये कायमचे स्थान त्याला 2015 मध्ये मिळाले. तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. 2016 मध्ये प्राग येथील फेरी त्याने जिंकली. त्यानंतर उन्हाळा सरेपर्यंत तो असा धावला की गुणतक्त्यात सर्वांच्या पुढे गेला. नऊ फेऱ्या संपल्या तेव्हा डॉयल पहिला होता आणि दोनच फेऱ्या उरल्या होत्या. शेवटची फेरी तर त्याच्याच देशात, मेलबर्नला होती.

दहावी फेरी 1 ऑक्टोबरला पोलंडमधील टोरून येथे झाली. त्या रात्री डॉयल पडला. खांदा, हात आणि फुप्फुस यांना इजा होऊन त्याला रुग्णालयात न्यावे लागले. तीन आठवड्यांनी मेलबर्नमध्ये धावणे अशक्य होते.

येथे मालिकेच्या नियमाचा कठोरपणा दिसून येतो. गैरहजर स्वाराला त्या रात्रीचे गुण मिळत नाहीत. आधीच्या सरासरीने काही धरले जात नाही, की वाईट गेलेली एखादी फेरी वगळलीही जात नाही. डॉयलची बेरीज होती तेथेच थांबली आणि हॅनकॉक पुढे गेला. एका रात्रीच्या अपघाताने वर्ष वाया जाऊ नये म्हणून आणलेल्या पद्धतीतही एका रात्रीने ते वाया गेले. पण हॅनकॉकला जेतेपद आयते मिळाले, असे म्हणणे योग्य होणार नाही. एखाद्या रात्री चमकणे वेगळे आणि अकराही रात्री उभे राहून गुण गोळा करणे वेगळे. ब्रेक नसलेल्या वाहनावर शेहेचाळिसाव्या वर्षी न पडणे, हेसुद्धा कौशल्यच आहे.

मेलबर्नची फेरी 22 ऑक्टोबरला झाली. हॅनकॉकला जगज्जेतेपद मिळाले. या खेळात इतक्या वयाचा जगज्जेता यापूर्वी कोणी झाला नव्हता. मात्र तो सोहळा निर्भेळ राहिला नाही. एका शर्यतीत तो जिंकण्याच्या इराद्याने धावत नव्हता आणि त्याने दुसऱ्या स्वाराला वाट करून दिली, असे ठरवून पंचांनी त्याला बाद केले. नाराज झालेला हॅनकॉक त्यानंतरच्या शर्यतींत उतरलाच नाही. अंतिम तक्त्यात हॅनकॉक 139 गुणांसह पहिला, वॉफिन्डेन 130 गुणांसह दुसरा आणि एकवीस वर्षांचा पोलिश स्वार बार्तोश झ्मार्झलिक 128 गुणांसह तिसरा होता. पंचांचा निर्णय योग्य होता की नाही, यावर रसिकांत पुष्कळ वाद झाला. मला वाटते, एवढ्या मोठ्या विजयाच्या रात्री विजेत्याने धावपट्टी सोडून जायला नको होते.

डॉयलच्या पदरी अगदीच काही पडले नाही, असेही नाही. पहिल्या आठ स्वारांना पुढील हंगामात आपोआप प्रवेश मिळत असे. अखेरची फेरी बुडूनही त्याचे आधीचे गुण त्या आठांत राहण्यास पुरेसे ठरले.

2017 च्या हंगामात तो परत आला. वर्षाच्या मध्यात त्याच्या पायाचे हाड मोडले. या वेळी त्याने फेरी चुकवली नाही. चालताना कुबड्या घ्याव्या लागत असतानाही तो मोटारसायकलीवर बसत राहिला. वैद्यकीय दृष्टीने हे शहाणपणाचे म्हणता येणार नाही. आदल्या वर्षी गैरहजेरीची किंमत त्याने मोजली होती, एवढे मात्र खरे. ऑक्टोबरच्या अखेरीस मालिका पुन्हा मेलबर्नच्या त्याच मैदानावर आली, तेव्हा डॉयलच्या नावावर 161 गुण जमा झाले. दुसऱ्या क्रमांकावरील पोलंडच्या पात्रिक दुदेकचे गुण 143 होते.

हॅनकॉकने पत्नीच्या आजारपणामुळे 2019 च्या हंगामातून माघार घेतली आणि 2020 च्या आरंभी निवृत्ती जाहीर केली. 2016 मध्ये तिसरा आलेला झ्मार्झलिक 2019 मध्ये प्रथम जगज्जेता झाला. 2020 पासून गुणांची पद्धतही बदलली: रात्रीच्या सर्व शर्यतींची बेरीज करण्याऐवजी फेरीतील अंतिम क्रमांकानुसार गुण देण्यास सुरुवात झाली आणि फेरी जिंकणाऱ्याला 20 गुण मिळू लागले. गैरहजर स्वाराच्या नावापुढे मात्र तेव्हाही शून्यच लिहिले जाई.