जुन्या बंदुकीचं निकेल काढायचंय? आधी नंबर जपा, मग चमक बघा

सीबीडी बेलापूर : कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेल्या आहेत. काही घरांत निकेलचा मुलामा दिलेलं जुनं रिव्हॉल्व्हरही असतं. पन्नास-साठ वर्षांनी हा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो, खालून तांबूस गंज दिसतो आणि घरचे म्हणतात, एकदा घासून नवीन पॉलिश करून टाकू. नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं.

निकेल सुटतं का?

घरावरच्या जीआय पत्र्याला जस्ताचा थर असतो. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. निकेलचं उलटं आहे. थर अखंड असेपर्यंत ते झाकण म्हणून उत्तम काम करतं, पण सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की निकेल तसंच राहतं आणि खालचं लोखंड गंजतं. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर हे लवकर होतं. म्हणून सुटलेल्या मुलाम्यावर नवा थर चढवून उपयोग नाही, जुना पूर्ण काढावाच लागतो.

मुलामा निकेलचाच आहे का, हे रंगावरून कळतं. निकेलची चमक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर. जिथे निकेल झिजून लालसर धातू दिसतो, तिथे खाली तांब्याचा थर दिलेला असतो.

पॉलिश पेपर आणि बफिंग नको

निकेल लोखंडापेक्षा चिवट असतं. बफिंगच्या चाकावर धरलं तर निकेल निघेपर्यंत आजूबाजूचं मऊ पोलाद खोलगट होतं, कडा गोल होतात आणि स्क्रूची भोकं पसरतात. सगळ्यात वाईट म्हणजे ठोकलेला नंबर, कारखान्याचं नाव आणि चाचणीचे शिक्के पुसट होतात.

ही फक्त शोभेची गोष्ट नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 नुसार बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणं, काढणं किंवा बदलणं गुन्हा आहे. खूण नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली, असं कायदा धरून चालतो. नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे चमक आणायला गेलो आणि कोर्टाची पायरी चढलो, अशी गत होते.

ॲसिडची बाटली का घातक?

संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये भाग बुडवून ठेवायचा सल्ला कुणीतरी देतंच. ते ॲसिड निकेलला फार हळू खातं, पण छिद्रातून आत शिरून लोखंड मात्र झपाट्याने खातं. पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. त्यात तयार होणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरला की स्प्रिंग ठिसूळ होते आणि नंतर अचानक तुटते. नायट्रिक ॲसिडमधून विषारी तपकिरी धूर निघतो. सायनाइडच्या द्रावणात ॲसिड मिसळलं तर जीव घेणारा वायू तयार होतो. ही कामं घराच्या पडवीत करायची नाहीत.

जाणकार कसं काढतात?

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ती पूर्ण खोलतात. लाकूड, स्प्रिंगा बाजूला ठेवतात. प्रत्येक नंबरचा आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवतात. तेल-ग्रीस धुतात. मग मुलामा चढवायची क्रिया उलटी करतात: भाग विजेच्या धन टोकाला जोडून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडतात. निकेल विरघळून द्रावणात जातं. द्रावण बरोबर असेल तर लोखंड उघडं पडल्यावर त्याच्यावर संरक्षक थर येतो आणि वीज वाहणं कमी होतं. हीच थांबायची खूण.

निकेल कुठे राहिलं का, हे बघायला बोर्डो मिश्रणात आपण वापरतो तो मोरचूद कामाला येतो. त्याच्या द्रावणाचा थेंब उघड्या लोखंडावर पडला की लगेच तांबूस होतो, निकेलवर तसा होत नाही. तपासल्यावर भाग लगेच धुवून पुसतात.

त्यानंतर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून हाताने, कडा सांभाळत घासतात. मग निळसर-काळी झिलई किंवा नवं निकेल. दुनळी बंदुकीच्या बाबतीत एक गोष्ट विचाराच: तिच्या नळ्या शिसं-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतील तर कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणातली झिलई चालत नाही, कारण ते द्रावण डाक खातं. तिथे हळूहळू गंज चढवून करायची जुनी पद्धतच वापरतात.

काम कुणाकडे द्यायचं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत प्लेटिंगचे कारखाने आहेत, म्हणून सुटा भाग पिशवीत घालून तिथे नेऊ नका. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच आहेत आणि कलम 5 नुसार बंदूक दुरुस्तीचा धंदा करायला परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या आणि लेखी पावती घ्या.

शंका असेल तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. पनवेल-उरणचा जो भाग नवी मुंबई आयुक्तालयात येतो, त्यासाठी सीबीडी बेलापूरचं पोलीस आयुक्तालय. जिल्ह्याच्या बाकी ग्रामीण भागासाठी अलिबागचं जिल्हाधिकारी कार्यालय. ज्याच्या नावावर परवाना होता तो वारला असेल, तर बंदूक घरात ठेवून पॉलिशचा विचार करू नका. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाचा अर्ज करा.

कलम 45 मध्ये जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. दुरुस्त करून चालू शकणारी आजोबांची बंदूक त्यात बसत नाही.

उरलेलं पाणी ओढ्यात नको

निकेल विरघळलेलं पाणी हिरवट दिसतं. गिलिटाच्या दागिन्यांनी काहींना कान खाजतात, तोच हा धातू, इथे कितीतरी जास्त प्रमाणात. निकेलची संयुगं कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांत मोडतात. हे पाणी भातखाचरात किंवा ओढ्यात ओतू नये. कारखान्यांनाही ते प्रक्रिया केल्याशिवाय सोडता येत नाही.

आणि शेवटचं : मुलामा थोडाच उडालेला असेल आणि गंज वाढत नसेल, तर तेलाचा हात फिरवून तसाच राहू द्या. जुन्या वस्तूची किंमत बऱ्याचदा तिच्या मूळ मुलाम्यातच असते. एकदा काढलेला तो परत येत नाही.