जर्मनच्या भांड्याची कल्हई

आमच्या युसूफ वडगाव भागात अॅल्युमिनियमच्या भांड्याला अजूनही जर्मनचे भांडेच म्हणतात. त्यातले खाल्ल्याने म्हातारपणी विसर पडतो, असे कुठेतरी ऐकून लोक दवाखान्यात विचारायला येतात. एका माउलीने तर घरातली सगळी पातेली मोडीत घालायची ठरवली होती.

पितळेच्या भांड्याला कल्हई का लावतात, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नाही. कल्हई उडाली की ताक कळकते. जर्मनला मात्र कल्हईवाला लागत नाही. हा धातू आपली कल्हई आपणच करतो. हवा लागताच त्यावर अॅल्युमिनियम ऑक्साईडचा थर धरतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, पण चिवट असतो. अॅल्युमिनियम मुळात तापट स्वभावाचा; हा थर नसता तर साध्या पाण्याशीही त्याची झटापट झाली असती. ओरखडा पडला तरी थर क्षणात पुन्हा धरतो. म्हणून दूध, भात, वरण यांत धातू फारसा उतरत नाही.

आंबटापुढे मात्र या थराचे चालत नाही, आणि धुण्याच्या सोड्यापुढेही नाही. बोअरच्या पाण्याने कुकर आतून काळा पडतो. तो काळेपणा म्हणजे मुख्यतः जाड झालेला हाच थर, विष नव्हे. गृहिणी त्या पाण्यात चिंच किंवा लिंबाची साल टाकतात. कुकर पांढरा राहतो. ते पाणी आपण फेकून देतो, त्यामुळे बिघडत नाही. पण काळ्या पातेल्यात अंबाडीची भाजी किंवा चिंचेचे सार शिजवले की पातेले लख्ख निघते. भांडी घासणारीला बरे वाटते! तो थर गेला कुठे? भाजीत. आणि आंबटपणा टिकला तर मागोमाग खालचा धातूही थोडाथोडा उतरतो.

शिजण्यापेक्षा मला काळजी वाटते ती मुरण्याची. लग्नकार्यात उरलेली आमटी मोठ्या जर्मनच्या पातेल्यात रात्रभर राहते. आंबटाच्या जोडीला मीठ असले की भांड्याला बारीक खड्डेही पडतात. अशी आमटी, ताक, आंबील, लोणचे स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून ठेवावे. नव्या पातेल्यात आधी दोनतीनदा पाणी उकळून टाकावे. थर जाड होतो. मग तो तारेच्या घासणीने रोज खरवडू नये. भंगार वितळवून ओतलेली भांडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. आशिया-आफ्रिकेतल्या काही देशांत तपासलेल्या अशा भांड्यांतून शिसे उतरल्याचे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांना फार वाईट.

आता विसराविषयी. भांड्यांमुळे अल्झायमर होतो, असे सिद्ध झालेले नाही. पोटात गेलेल्या अॅल्युमिनियमपैकी शेकडा एक भागही रक्तात जात नाही, आणि गेलेले निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली घातलेली मर्यादा आठवड्याला दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांची गोष्ट वेगळी. १९७० च्या दशकात परदेशात डायलिसिसच्या पाण्यातील अॅल्युमिनियम साचून काही रुग्णांची वाचा व बुद्धी गेली होती. अशा रुग्णाचे आंबट पदार्थ स्टीलमध्येच शिजवावेत. आणि आम्लपित्तावरचे पांढरे पातळ औषध त्याला विचारल्याशिवाय देऊ नये. त्यातल्या बऱ्याच औषधांत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड असते, आणि एका डोसातच पातेल्यातून दिवसभरात उतरेल त्याहून कितीतरी जास्त.