सायकलला चलान नाही, मग नियम कशाला?



सातवीच्या वर्गात रस्ता सुरक्षेचा पाठ चालू होता. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, सायकलला चलान होतच नाही. मग सिग्नल कशाला पाळायचा?" प्रश्न आगाऊ वाटला तरी खरा आहे. त्याचं उत्तर आपल्याकडे हवं.

आधी कायदा बघू. १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वाहनांचा आहे. पायडलची सायकल त्यात बसत नाही. म्हणून तिला लायसन नाही, नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही. कॅमेऱ्याचं ई-चलान तर नंबरावरूनच घरी येतं!

पण सायकल कायद्याबाहेर आहे असं मात्र नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात 'वाहन' या शब्दात सायकलही धरली आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियम तिलाही आहे. बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ प्रमाणे गुन्हा आहे, मग ते वाहन कोणतंही असो. घरातल्या आजोबांना विचारा. सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट दिसली, की पोलीस अडवायचे, चाकातली हवा सोडायचे. तो धाक आता राहिला नाही.

मग मुलांना पटवायचं कसं? फळ्यावर एक गणित घाला. गाडीचा वेग ताशी ४० किमी, सायकलचा १५. दोघं एकाच दिशेने जात असतील, तर मागची गाडी सायकलजवळ ताशी २५ किमी वेगाने येते. सायकल उलट दिशेने समोरून आली, तर ५५ किमी वेगाने. मधलं अंतर ४५ मीटर धरा. पहिल्या वेळी सावरायला साडेसहा सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी तीनसुद्धा नाहीत. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा चालक उजवीकडची वाहनं बघत असतो. डावीकडून उलट येणाऱ्या सायकलकडे त्याचं लक्षच नसतं.

हे गणित मुलांना स्वतः सोडवू द्या. उत्तर आलं की वर्ग आपोआप शांत होतो.

शिक्षकांनी आठवड्यातून एकदा शाळेच्या गेटवर ब्रेक, घंटी आणि मागचा रिफ्लेक्टर तपासावा. पालकांनी एवढंच करावं, की मुलाला स्कूटरवर मागे बसवून वळसा वाचवण्यासाठी राँग साइडने जाऊ नये. पोलीस नसतानाही आपण सिग्नलला थांबतो, हे मुलांना आपल्याकडूनच दिसायला हवं.