मंगळावरचे वावर

मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्याने हॉलच्या भिंतीवर एक चित्र चिकटवले. लाल मंगळ, त्याच्या अर्ध्या भागावर हिरवे रान, मधून निळी नदी आणि काठावर आमचे घर. घरावर पाण्याची टाकीही होती. सातवीतला मुलगा, डोक्यात सतत ग्रह-तारे. रात्री दस्तरखानावर बसल्यावर त्याने विचारले, "अम्मी, मंगळाला पृथ्वीसारखे करता येईल का हो? म्हणजे तिथे राहायला जाता येईल?"

त्याच्या अब्बांनी हसून सांगितले, "आधी ताटातली भाजी संपव." मी मात्र विचारात पडले. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई, विज्ञान माझा विषय नाही. पण मुलाच्या प्रश्नाला 'गप्प बस' हे उत्तर होऊ शकत नाही, हे इतकी वर्षे वर्गात उभे राहून कळले आहे. म्हणून वाचायला बसले. जे समजले ते आपल्या घराघरांतील मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी लिहीत आहे.

एखाद्या ग्रहाची हवा, पाणी, माती बदलून तो पृथ्वीसारखा राहण्याजोगा करणे, याला 'टेराफॉर्मिंग' म्हणतात. मराठीत आपण 'पृथ्वीकरण' म्हणू. हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नाही, गोष्टीतून आला आहे. जॅक विल्यमसन या अमेरिकी लेखकाने १९४२ मध्ये एका विज्ञानकथेत तो वापरला. पुढे १९६१ मध्ये शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी शुक्राच्या ढगांत शेवाळ सोडून तिथली हवा बदलता येईल का, असा विचार मांडला. नंतर कळले की शुक्र ही पेटती भट्टी आहे. जमिनीवरचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सियस आणि हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट. शेवाळाने तिथे काय करावे!

शनीचा चंद्र टायटन याच्या उलट. तिथे हवा पृथ्वीपेक्षाही दाट आहे, पाऊस आहे, नद्या आणि तळी आहेत. पण तो पाऊस पाण्याचा नसून मिथेनचा आहे आणि तापमान उणे १७९ अंश. १४ जानेवारी २००५ रोजी 'हायगेन्स' हे यान तिथे उतरले, तेव्हा बर्फाचे गोटे पसरलेल्या जमिनीचे चित्र त्याने पाठवले. गुरूच्या युरोपा या चंद्रावर जाड बर्फाखाली खारा समुद्र असावा, असे पुरावे आहेत. तो जवळून तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यान निघाले आहे. आपल्या चंद्रावर तर हवा जवळजवळ नाहीच.

राहता राहिला मंगळ. त्याचा दिवस आपल्या दिवसापेक्षा फक्त ४० मिनिटांनी मोठा. ध्रुवांवर बर्फ आहे. जमीन बहुतेक बेसाल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा जो काळा दगड आहे त्याच जातीची. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर अशाच काळ्या दगडात उल्का आदळून तयार झाले. म्हणूनच मंगळावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात. मंगळाशी आपले नाते असे दगडापासूनच आहे. आपले 'मंगळयान' २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच्या कक्षेत पोहोचले, हे मुलांना तोंडपाठ असते.

पण अडचणी मोठ्या आहेत. मंगळावरची हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ आणि तीही बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार आहेत, ते शरीराला अपायकारक. उपाय सुचवले गेले आहेत. ध्रुवांवरचा बर्फ वितळवायचा, अवकाशात मोठे आरसे लावून ऊन वळवायचे, उष्णता धरून ठेवणारे वायू कारखान्यांत तयार करून सोडायचे. २०१८ मध्ये दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसले की मंगळावर हाताशी येईल असा कार्बन डायऑक्साइड सगळा जमवला तरी पुरेशी दाट हवा होणार नाही. त्या ग्रहाची मूळची बरीचशी हवा कोट्यवधी वर्षांत अवकाशात उडून गेली आहे.

तरीही छोटी पावले पडत आहेत. 'पर्सिव्हरन्स' गाडीवरच्या एका यंत्राने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन तयार करून दाखवला. २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा यंत्र चालवून एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे दोन वर्षांची ती कमाई एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासाइतकी. हा हिशेब मी मुलाकडूनच करवून घेतला. तो थोडा वेळ गप्प झाला.

मग त्याच्या बहिणीने प्रश्न काढला, "तिथे नमाज कुठे तोंड करून पढायची?" प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये, रमजानच्या महिन्यात, मलेशियाचे डॉ. शेख मुझफ्फर शकूर अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्या देशातील उलेमांनी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. जमेल तर काबागृहाच्या दिशेने, ते शक्य नसेल तर पृथ्वीच्या दिशेने, तेही नसेल तर कोणत्याही दिशेने. रोजे परत आल्यावर ठेवण्याची सवलतही होती. मंगळावर पाच वक्तांची अडचण कमीच, कारण दिवस जवळपास आपल्याएवढाच. गोंधळ होईल तो महिन्यांचा. मंगळाला दोन चंद्र आणि त्यातला फोबोस साडेसात तासांतच एक फेरी मारतो. चाँदरात कोणती मानायची? यावर आमच्या घरात बराच वेळ हसणे चालले.

२०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या धार्मिक प्राधिकरणाने असे मत दिले होते की परत न येणारी मंगळयात्रा म्हणजे विनाकारण जीव धोक्यात घालणे, म्हणून ती जायज नाही. त्याच देशाचे 'अल-अमल' यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि २११७ पर्यंत मंगळावर शहर वसवण्याचा संकल्पही त्याच देशाने केला आहे. यात विसंगती नाही. शोधाला मनाई नाही, जीव स्वस्त समजण्याला आहे.

जीव स्वस्त होणे म्हणजे काय, हे त्याच सुट्टीत मुलाला समजले. माझी नणंद जव्हारला राहते. नंदोई आठवडी बाजारांत कपडे विकतात. एके दिवशी त्यांच्या टेम्पोतून आम्ही वावरच्या बाजूला गेलो. आपल्या मराठीत अनेक भागांत 'वावर' म्हणजे शेत. मुलाला या नावाची गंमत वाटली. आपल्या चित्राची वहीही त्याने सोबत घेतली होती.

रस्त्यात एका उतारावर टेम्पो थांबला. खालच्या ओहोळातल्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरून बायका वर येत होत्या, डोक्यावर दोन-दोन हंडे. एक मावशी दम खायला आमच्याजवळ टेकली. मुलाने तिला वही दाखवली आणि मंगळावर माणसे कशी राहतील ते मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, तिथं पाणी कोण भरंल?"

मुलाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

जव्हार-मोखाड्यात पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो आणि मार्च-एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच. तिथून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी ती योजना. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणजे भूमीचा पाणवठा बदलण्याची विद्या माणसाकडे आहे. पाणी कोणासाठी वळवायचे, हा प्रश्न विद्येचा नसून न्यायाचा आहे.

आणि याच वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये कुपोषण आणि त्यापाठोपाठ आलेल्या आजारांनी शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. हवा होती, माती होती, पाऊस होता. जे मंगळावर नाही ते सगळे इथे होते. नव्हते ते हातातले काम, पोटभर अन्न, बारमाही रस्ता आणि वेळेवर दवाखाना. नंदोई तेव्हा तरुण होते. ते एवढेच म्हणाले, "त्या पावसाळ्यानंतर बाजारात लहान मुलांचे कपडे मागणारे कमी झाले होते." टेम्पोत पुढे कोणी बोलले नाही.

परत येताना नंदोईंनी मुलाला एक उतार दाखवला. तिथे दगडी बांध घालून आंबा आणि काजू लावले होते. 'बायफ' या संस्थेने अशी 'वाडी' या भागात रुजवली आहे. साधारण एकरभर जमीन, फळझाडे, कडेने कुंपणाची झाडे आणि मधल्या जागेत भाजी किंवा धान्य. फळ धरेपर्यंत काही वर्षे जातात, तोवर रोपाला हंड्याने पाणी घालावे लागते. शेजारी नागलीसाठी राब भाजलेल्या काळ्या चौकटी होत्या. पालापाचोळा, फांद्या, शेण जाळून माती तयार करण्याची ही इथली जुनी रीत. मुलगा म्हणाला, "अम्मी, हे पण पृथ्वीकरणच झाले ना?" मी म्हटले, "हो बाळा, आणि याला आरसे लागत नाहीत." पण अशी वाडी नसलेली कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा आणि अंगणवाडी मागे राहते.

अंगणवाडीच्या भिंतीवर एक नाव त्याने मोठ्याने वाचले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि पुढे लहान मुलांना अंडी-केळी देण्याची ही सरकारी योजना. मुलाला कलामसाहेब फक्त अग्निबाणाचे म्हणून ठाऊक होते. त्यांचे नाव ताटावर पाहून तो चकित झाला. मला वाटले, या थोर माणसाच्या नावाला दोन्ही ठिकाणे शोभतात. अग्निबाण वर जावा आणि ताटही भरलेले असावे. यातले एक निवडा, असे मुलांना सांगण्याची गरज नाही.

जव्हारमध्ये एक आख्यायिका सांगतात. इथल्या मुकणे राजघराण्याच्या मूळपुरुषाने एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच बैलाच्या कातड्याची बारीक वादी कापून तिने मोठा मुलूख वेढून घेतला. उद्या चंद्र-मंगळावर असेच कातडे कापले जाईल का? १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार कोणताही देश ग्रहावर मालकी सांगू शकत नाही. पण वादी कापणारे हुशार असतात. म्हणून ग्रह वसवण्याचे गणित शिकणाऱ्या मुलांना 'हे कोणाचे?' हा प्रश्नही शिकवावा लागेल. भूमी आपल्याकडे अमानत आहे, ही गोष्ट आपल्या घरांत नवी नाही.

मुलांच्या कल्पनेला मात्र हसू नका. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञानेही १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने गोष्ट पाठवली होती. घरी एक संध्याकाळ काढा. मुलांना एक ग्रह निवडू द्या. तिथे हवा कुठून आणशील, पाणी कोण भरेल, पहिले जेवण कोणाला वाढशील, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून घ्या.

आमच्या भिंतीवरचे चित्र अजून तिथेच आहे. वावरहून आल्यावर त्याने पेन्सिलीने त्यात भर घातली. नदीपासून घरांपर्यंत नळ, एक दवाखाना आणि एक अंगणवाडी. आमचे घर त्याने थोडे लहान केले, कारण जागा पुरत नव्हती. नळाच्या शेवटी एक बाई बसलेली आहे. तिच्या डोक्यावर हंडा नाही.