नाळेची वाट आणि आईचे ताट



'नाळ' हा शब्द आपण मराठीत बहुधा मायेच्या अर्थाने योजतो. शाळेशी, गावाशी, मातीशी आपली नाळ जुळलेली असते. परंतु त्याचा मूळ शारीर अर्थ अधिक गंभीर आहे. गर्भाला अन्न पोचविणारी ती एकमेव वाट आहे, आणि त्याच वाटेने विषही जाऊ शकते.

जगाला हा धडा जपानमधील मिनामाता या किनारी गावाने दिला. तेथील कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला. 1956 मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. काही मातांना स्वतःला जेमतेम त्रास होता, त्यांची मुले मात्र जन्मतःच विकलांग होती. नाळेचा सुकलेला तुकडा जपून ठेवण्याची जपानी प्रथा आहे. पुढे त्या तुकड्यांच्या तपासणीत पाऱ्याचे विष आढळले.

आपल्या परिसरात अधिक विचार करावा लागतो तो शिशाचा. नागपुरात डॉ. अर्चना पटेल व त्यांच्या सहकाऱ्याने दोनशेहून अधिक प्रसूतींच्या वेळी नाळेतील रक्त तपासले. तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्माच्या क्षणीच काही बालकांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले होते.

हे घडते कसे? शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतील भेद नीट कळत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील सुमारे 90 टक्के शिसे हाडांत साठून वर्षानुवर्षे तेथेच राहते. गर्भाच्या सांगाड्याला सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम लागते. ते आहारातून पुरेसे मिळाले नाही, तर आईची हाडे झिजतात आणि त्यांतील शिसेही रक्तात उतरते. म्हणजे मुलगी लहान असताना तिच्या शरीरात गेलेले शिसे पुढे तिच्या पोटच्या लेकराच्या वाट्याला येऊ शकते. लोहाचेही तसेच. ज्या मार्गाने आतडे लोह शोषते, त्याच मार्गाने शिसेही आत शिरते. लोह कमी पडले की ते अधिक शोषले जाते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

शिसे घरात येते ते ओळखीच्या रूपाने: शेंदूर, काही प्रकारचा सुरमा, भेसळीच्या हळदीचा झळाळता पिवळा रंग, अशुद्ध कथलाची कल्हई, भिंतीचा पोपडे धरलेला जुना रंग, अंगणात फोडलेली जुनी बॅटरी. डोहाळ्यांत माती खावीशी वाटणे हे पुष्कळदा लोहाच्या उणिवेचे लक्षण असते. तेव्हा त्या स्त्रीला हसू नये. तिचे रक्त तपासून घ्यावे.

यावर उपाय आहे, पण त्याची मर्यादाही जाणावी. मेक्सिको शहरात गर्भवतींना रोज 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, तेव्हा रक्तातील शिसे सरासरी 11 टक्क्यांनी उतरले. आहार ढालीसारखा आहे. विषाचे मूळ दूर करण्याला तो पर्याय नव्हे. इंद्रवेल्लीच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर तीळ, पालेभाजी, डाळ, लिंबू वा आवळा असावा. जेवणासोबत चहा नसावा. तेलंगणात 2015 मध्ये सुरू झालेल्या 'आरोग्यलक्ष्मी' योजनेत गर्भवतीला अंगणवाडीतच पूर्ण जेवण, दूध आणि अंडे देण्याची तरतूद झाली. त्या पंगतीला सुनेला पाठविणे हे सासूचे, आणि त्या वेळी तिला कामातून मोकळे करणे हे नवऱ्याचे कर्तव्य होय. लोहाची व कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये.

हा विषय शाळेच्या व्यासपीठावर मांडण्याचे कारण उघड आहे. शिशाचा पहिला घाव मेंदूवर बसतो आणि तो बहुधा भरून येत नाही. त्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही. वर्गात ज्याचे चित्त ठरत नाही, अक्षर लागत नाही, त्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. प्रत्येक वेळी कारण शिसेच असेल असे नव्हे. ते रक्ततपासणीनेच कळते. पण मुलाला दोष देण्यापूर्वी त्याच्या आईच्या ताटात काय होते, एवढे तरी आपण विचारले पाहिजे. त्या ताटाची जबाबदारी एकट्या आईची नाही. ती घराची, गावाची आणि शासनाची आहे.