प्रश्न इतरांचे, उत्तर स्वमग्न व्यक्तीचे

‘बोलताना तू समोर का पाहत नाहीस?’ ‘एवढ्याशा आवाजाने कान का झाकतोस?’ ‘तुला कोणाविषयी माया वाटत नाही काय?’ स्वमग्न व्यक्तीला असे प्रश्न शाळेत, प्रवासात आणि घरी आलेल्या पाहुण्यांकडून वारंवार ऐकावे लागतात. दीर्घकाळपर्यंत त्यांची उत्तरे मात्र दुसरेच कोणी देत असत.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांच्या अवस्थेसाठी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनलेली संज्ञा योजिली. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे. त्यावरून, या मुलांना इतरांची पर्वाच नसते, असा ग्रह सहज होतो. पुढे काही काळ मातांच्या कथित थंडपणालाही दोष दिला गेला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, या मताचे खंडन केले. स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील भेद असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वमान्य आहे. तथापि, त्या व्यक्तीला आतून काय जाणवते, हे बाहेरून पाहून कळण्यासारखे नव्हते.

ते सांगणाऱ्यांपैकी एक म्हणजे १९४७ साली बॉस्टन येथे जन्मलेल्या टेंपल ग्रँडिन. तीन वर्षे उलटली तरी त्या बोलत नव्हत्या. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. १९८६ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ‘तुम्हाला स्पर्श आवडत नाही काय?’ या प्रश्नाला त्यांच्या अनुभवाने अनपेक्षित उत्तर दिले. लहानपणी त्यांना कोणी जवळ घ्यावे असे वाटे. परंतु मिठीतील संवेदनांचा लोट असह्य होई. तरुणपणी त्यांनी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून स्थिर धरणारी चौकट पाहिली आणि तशीच एक चौकट स्वतःसाठी बनविली. दाब किती असावा हे आपल्या हाती असल्यामुळे तिच्यात त्यांचे मन शांत होई. जे इतरांना मायेचा अभाव वाटत होते, ते वस्तुतः संवेदनांचे आधिक्य होते.

१९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आपण चित्रांच्या रूपाने विचार करतो, असे सांगितले. बहुतेक स्वमग्न व्यक्ती तसाच विचार करीत असाव्यात, अशी त्यांची समजूत होती. पुढे अनेकांशी बोलल्यावर, काहींचा विचार शब्दांतून तर काहींचा आकृतिबंधांतून चालतो, असे त्यांना आढळले व २००६ च्या आवृत्तीत त्यांनी आपले मत दुरुस्त केले. एकाचे उत्तर सर्वांचे उत्तर होत नाही, हे यावरून स्पष्ट होते. समोर न पाहण्याचेही तसेच आहे. डोळ्याला डोळा भिडवला की ऐकण्याकडे लक्ष राहत नाही, असे काही जण सांगतात; काहींना त्याचा त्रासच होतो; तर काहींना त्याचे काहीच वाटत नाही.

२०१२ साली ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, प्रश्नाची दिशाच पालटली. दोन माणसांना एकमेकांचे मन कळले नाही, तर तो दोष एकाचाच कसा? स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन उमगणे जसे अवघड, तसेच इतरांना तिचे मन उमगणेही अवघड असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ व्यक्तींच्या साखळ्यांतून एक गोष्ट कर्णोपकर्णी पुढे पाठविण्यात आली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळ्या इतरांच्या साखळ्यांपेक्षा कमी ठरल्या नाहीत. मिश्र साखळ्यांत मात्र गोष्टीचा तपशील अधिक गळाला. २०२५ च्या अधिक मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्यांतील ही तूट आढळली नाही. परंतु स्वमग्न व्यक्तींची साखळी उणी पडत नाही, हा निष्कर्ष कायम राहिला.

यास्तव स्वमग्न व्यक्तीला प्रश्न विचारणे गैर नाही. परंतु उत्तराला अवधी द्यावयास हवा. काही जण मुळीच बोलत नाहीत. ते लिहून किंवा चित्रे दाखवून उत्तर देतात. कोणाला उत्तर द्यावेसे वाटणार नाही, तर तो अधिकारही त्यांचाच आहे. आणि उत्तर देताना कोणी खिडकीबाहेर पाहत असेल, तर त्याचे लक्ष नाही, असे समजण्याचे कारण नाही.